सुईच्या जागी सूज, अंगावर पुरळ : लसीनंतर काय बघायचं, कधी धावायचं

दंडावर पुळी आली, मांडी लाल झाली, दहा दिवसांनी अंगभर बारीक पुरळ उठलं. लस दिल्यावर घरात भीती शिरते ती बहुधा या तीन गोष्टींनी. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि तो नुसता डाग बघून कळत नाही. लस कोणती होती, कुठे टोचली आणि टोचून किती वेळ झाला, या तीन प्रश्नांची उत्तरं हातात असली की निम्मं निदान घरीच होतं. ती उत्तरं नसतील तर बेळगावच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टरही आधी तेच विचारत बसतात. म्हणून या लेखात घड्याळ आणि कॅलेंडरला फार महत्त्व दिलं आहे.

मजकूर लिहिलाय तो पहिल्यांदाच बाळाला डोस द्यायला नेणाऱ्या आईबापांसाठी, घरातल्या आजीसाठी आणि नव्यानं कामाला लागलेल्या आशाताईंसाठी.

घरातून निघण्याआधी

कार्ड घ्या. सीमाभागात कार्डाचाच घोळ जास्त होतो. बाळंतपण माहेरी, म्हणजे चंदगडला किंवा गडहिंग्लजला. पहिला डोस तिकडच्या मराठी कार्डावर. पुढचे डोस सासरी खानापूर किंवा निपाणीत, आणि त्यांची नोंद कन्नड तायी कार्डावर (कर्नाटकातलं आई-बाळाचं सरकारी कार्ड). दोन्ही कार्डं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक वेळी दोन्ही न्या. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे काही त्रास झाला तर आधी कोणत्या लसीनंतर काय झालं होतं हे त्यातूनच कळणार आहे.

कन्नड वाचता येत नसेल तर सिस्टरना विनंती करा आणि कार्डाच्या मागे मराठीत किंवा तुम्हाला वाचता येईल अशा अक्षरात चार गोष्टी लिहून घ्या : लसीचं नाव, कोणता हात की कोणती मांडी, तारीख आणि वेळ. वेळ कुणी लिहीत नाही. ती तुम्ही लिहा.

बाळाला सैल कपडे घाला, दंड आणि मांडी चटकन उघडी करता येईल असे. दंडाला किंवा मांडीला काळा दोरा, ताईत बांधलेला असेल तर तो आदल्या दिवशीच सोडून ठेवा. सूज आली की दोरा रुततो, आणि मग दोऱ्याखालचा लाल पट्टा लसीच्या नावावर जातो. पायातले वाळे घट्ट होत असतील तर तेही दोन दिवस काढलेले बरे.

कोणती सुई कुठे

सरकारी वेळापत्रकात प्रत्येक लसीची जागा ठरलेली आहे. ही माहिती पाठ असली तर घरी बसून सूज कशाची हे ओळखता येतं.

जन्मल्यावर क्षयाची बीसीजी डाव्या दंडावर, कातडीच्या थरातच, जेमतेम ०.०५ मिली. त्याच वेळी काविळीची (हिपॅटायटिस बी) लस डाव्या मांडीत. दीड महिन्याला तीन सुया असतात : डाव्या मांडीत पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडावर पोलिओची इंजेक्शनची लस. अडीच महिन्यांना फक्त डाव्या मांडीत पेंटा. साडेतीन महिन्यांना पुन्हा तिन्ही सुया. नऊ महिने पूर्ण झाले की उजव्या दंडावर गोवर-रुबेला म्हणजे एमआर, डाव्या दंडावर पोलिओ, उजव्या मांडीत पीसीव्ही. दीड वर्षाच्या आसपास एमआरचा दुसरा डोस आणि मांडीत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. पाच-सहा वर्षांना डीपीटी पुन्हा, या वेळी दंडात. १० आणि १६ वर्षांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्प), तीही दंडातच. तोंडातून द्यायचे पोलिओ आणि रोटाचे थेंब या हिशेबात धरलेले नाहीत, कारण त्यांची सुई नसते. बाळ लहानखुरं असेल किंवा काही कारणानं जागा बदलली तर सिस्टर सांगतात. नाही सांगितलं तर विचारा.

आणखी एक गोष्ट विचारायची, न लाजता : एमआर किंवा बीसीजीची कुपी कधी फोडली? या दोन्ही लसी पावडरीत येतात, द्रव मिसळून तयार कराव्या लागतात आणि त्यात जंतू मारणारं काही घातलेलं नसतं. मिसळल्यापासून चार तासांत किंवा शिबिर संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस टाकून द्यावीच लागते. कुपीवर वेळ लिहिणं बंधनकारक आहे. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, एमआर लसीनंतर तीन बाळं दगावली; लस ठेवण्या-हाताळण्यातली चूक प्राथमिक चौकशीत पुढे आली. तेव्हापासून कित्येक घरांत एमआर म्हटलं की अंगावर काटा येतो. त्या भीतीवर उपाय लस टाळणं हा नाही, कुपीवरची वेळ बघणं हा आहे. चांगली सिस्टर ती वेळ स्वतःहून दाखवते.

पहिला अर्धा तास : जागेवरून हलू नका

लस झाली की अर्धा तास तिथेच थांबायचं. एसटी चुकेल, ऊसतोड थांबलीय, पाऊस येतोय, काहीही असो. जिवावर बेतणारी ॲलर्जी, जिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, ती बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात डोकं वर काढते. दहा लाख डोसांमागे एखाददुसऱ्यालाच ती होते. पण झाली तर तिच्यावरचं औषध, ॲड्रेनलिन, सिस्टरच्या पेटीत तिथेच असतं. तुमच्या घरी नसतं.

कातडीवर ती अशी दिसते : टोचलेल्या जागेपासून लांब, पोटावर, पाठीवर, मानेवर पित्ताच्या गांधी भराभर उठतात. ओठ, पापण्या, जीभ सुजते. बाळ खाजवतं, किंवा खाजवता न येण्याइतकं लहान असेल तर नुसतंच कासावीस होतं. त्याच्याबरोबर श्वासाला घरघर, घोगरा आवाज, लागोपाठ उलट्या, हातपाय गार पडणं, अंग ढिलं पडणं यातलं काहीही दिसलं तर एक क्षणही थांबू नका. नुसत्या गांधी आणि बाकी बाळ खेळतंय, तर सिस्टरना दाखवा आणि आणखी थांबा.

अशा वेळी बाळाला आडवं ठेवा, पाय थोडे वर उचलून. श्वास लागत असेल तर मांडीवर अर्धवट बसतं करा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. खांद्यावर उभं धरून पळत सुटू नका. रक्तदाब पडलेला असतो आणि उभं धरल्यानं तो आणखी पडतो. तोंडात पाणी, साखर, दूध काही घालू नका. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप देऊन वेळ घालवू नका, त्यानं खाज कमी होते, जीव वाचत नाही. सिस्टर मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिन देतील आणि १०८ बोलावतील. इंजेक्शननंतर बाळ टवटवीत दिसलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी तोच त्रास परत उलटू शकतो.

शाळेत टीडी देताना वेगळाच गोंधळ होतो. दहावीतली पोरं सुई बघूनच चक्कर येऊन पडतात. ही भीतीची चक्कर : तोंड पांढरं पडतं, घाम येतो, नाडी मंद होते, आणि आडवं केलं की दोन मिनिटांत पोरगं उठून बसतं. अंगावर गांधी नाहीत, खाज नाही, श्वासाला त्रास नाही. ॲलर्जीत नाडी जोरात पळते आणि आडवं करूनही माणूस सावरत नाही. शिक्षकांनी हा फरक ध्यानात ठेवावा, आणि पोरांना बाकावर बसवूनच लस द्यावी.

पहिले तीन दिवस : पेनानं रेघ ओढा

पेंटा आणि डीपीटीत डांग्या खोकल्याचा जो भाग असतो त्यामुळे सूज, लाली, दुखणं आणि ताप हे चौघे मिळून येतात. जवळपास निम्म्या मुलांना यातलं काही ना काही होतं. संध्याकाळपर्यंत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी जोरात असतं, तिसऱ्या दिवशी उतरायला लागतं. शरीर लसीला ओळखतंय, एवढाच त्याचा अर्थ.

सूज दिसली की बॉलपेन घ्या आणि लालीच्या कडेकडेनं हलकीशी रेघ ओढा. शेजारी वेळ लिहा. रेघ पुसली तर परत ओढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. लाली रेघेच्या आत आलीय की बाहेर गेलीय? आत आली असेल तर निश्चिंत राहा. पहिल्या दोन दिवसांत थोडी बाहेर गेली तरी चालतं. तिसऱ्या दिवसानंतरही बाहेरच सरकत असेल, जागा तापलेली लागत असेल, बाळाला नव्यानं ताप येत असेल, तर ती लसीची सूज राहिली नाही, जंतूंची झाली. त्याच दिवशी दवाखाना.

सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; जागा फक्त थोडी काळपट, जांभळट वाटते. तेव्हा हाताची मागची बाजू लावून ऊब बघा आणि दुसऱ्या मांडीशी ताडून पाहा. मोबाइलचा टॉर्च वरून न मारता बाजूनं, आडवा धरा. सूज उठून दिसते.

उपाय साधे आहेत. स्वच्छ सुती फडकं माठातल्या पाण्यात बुडवून, पिळून, जागेवर १० मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावायचा नाही. आंघोळ घालायला हरकत नाही. तेल-पाणी करणाऱ्या बाईंना मात्र आधीच सांगून ठेवा : तीन दिवस त्या मांडीला, त्या दंडाला मालीश नको, रगडणं तर नकोच. बाकीचं अंग चोळायला ना नाही.

तापाच्या औषधात जीवघेणी चूक होते, म्हणून इथे नीट वाचा. पॅरासिटामॉल वजनावर देतात : एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम. आता दुकानात याच औषधाच्या तीन बाटल्या मिळतात. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे त्या बाळाला ०.५ ते ०.७५ मिली. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ असतं, म्हणजे २ ते ३ मिली. तिसरं सिरप ५ मिलीत २५० चं, त्याचं १ ते १.५ मिली. थोरल्या मुलाचं 'अर्धा चमचा' हे माप लक्षात ठेवून ड्रॉप्सच्या बाटलीतून अडीच मिली दिलं, तर पाच किलोच्या बाळाच्या पोटात २५० मिलिग्रॅम जातं, हव्या त्याच्या तिप्पट ते पाचपट. बाटलीवरचा आकडा वाचा, सिस्टरना दाखवा, सोबतच्या ड्रॉपरनं किंवा सुई नसलेल्या सिरिंजनं मोजा. दोन डोसांत सहा तास ठेवा, दिवसात चारांहून जास्त नाही. मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नका.

आणि आता लावायचं काय नाही. हळद, चुना, तंबाखू, बाम, आंबेहळदीचा लेप, गरम विटेचा शेक, काहीच नको. निपाणीकडे तंबाखू घरात असतेच, आणि जखमेवर ती चोळायची सवयही आहे. बाळाच्या कातडीतून निकोटीन आत जातं आणि बाळ ओकायला लागतं. सगळ्यात वाईट बिब्बा. गाठ 'बसवायला' बिब्ब्याचं तेल लावलं की कातडी भाजून निघते, फोड येतात, काळे व्रण राहतात. लसीची जी सूज दोन दिवसांत गेली असती, तिची बिब्ब्यानं महिनाभराची जखम होते. तापलेल्या सळीनं किंवा बांगडीनं डाग देण्याबद्दल तर बोलायलाच नको; ती जखम आहे, उपाय नाही.

चौकोनी लाल डाग दिसला तर तो चिकटपट्टीचा. लसीची लाली गोल किंवा वेडीवाकडी असते, कडा सरळ नसतात. पट्टी काढून टाका, पाण्यानं पुसा. लसीच्या जागी पट्टीची गरजच नसते.

आत राहिलेली गाठ

सूज गेली, ताप गेला, पण मांडीत बोराएवढी टणक गाठ हाताला लागते. दाबली तरी बाळ रडत नाही, वरची कातडी नेहमीसारखी. पेंटा, पीसीव्ही, डीपीटी, टीडी या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, लस एका जागी धरून ठेवायला. त्याभोवती शरीर गाठ बांधतं. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने ती राहते आणि आपोआप विरते. दाबू नका, चोळू नका, दर रोज कुणाकुणाला चाचपू देऊ नका.

गाठ मऊ झाली, मध्ये दाबल्यावर पाण्यासारखी हलली, तर आत पू किंवा द्रव आहे. ताप आणि दुखणं असेल तर जंतूंचा गळू. ताप नाही, दुखणं नाही, पण मऊ आहे, तर बिनजंतूंचा गळू. तो कुपी नीट न हलवता लस भरली, सुई स्नायूपर्यंत न जाता वरच्या वर राहिली किंवा लस मध्येच गोठली होती, अशा कारणांनी होतो. दोन्हींत डॉक्टरांना दाखवायचं आणि दोन्हींची नोंद व्हायला हवी. एकाच दिवशी एकाच ठिकाणी लस घेतलेल्या तीन-चार मुलांना गळू झाले असतील तर आशाताईंनी ते त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं. तिथे दोष मुलांच्या अंगात नसतो, लस देण्याच्या रीतीत असतो.

बीसीजी : जिची जखम व्हायलाच हवी

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावरचे मोठे चट्टे त्या लसीचे. देवीचा रोग देशातून गेल्याचं १९७७ मध्ये जाहीर झालं आणि ती लस बंद झाली, पण शब्द राहिला; बीसीजीलाही घरोघरी 'देवी काढल्या' म्हणतात. बीसीजी क्षयाची लस आहे आणि तिचा प्रवास बराच लांबतो. तो माहीत नसला की घरचे प्रत्येक टप्प्यावर घाबरतात.

टोचताच कातडीवर छोटा पांढरट फुगा दिसतो, अर्ध्या तासात तो जातो. मग दोन-तीन आठवडे काहीच नाही. आईला वाटतं लस लागलीच नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे लालसर पुळी येते, हळूहळू वाढत पाचव्या आठवड्यापर्यंत ४ ते ८ मिलिमीटरची होते. तिच्या टोकाला पांढरं दिसतं, कधी ती फुटते, थोडा पू येतो, खपली धरते, खपली पडते, परत थोडं ओलसर होतं. ६ ते १२ आठवड्यांत सगळं सुकून छोटा गोल व्रण राहतो. यात ताप नसतो, बाळाचं दूध पिणं बिघडत नाही.

या सगळ्या काळात तुमचं काम एकच : हात न लावणं. पुळी फोडू नका, पू पिळू नका. मलम, अँटिबायोटिक पावडर, तेल, काजळ, भस्म काही नको. आंघोळीत पाणी लागलं तरी चालतं, नंतर स्वच्छ फडक्यानं टिपून घ्या. कपडा चिकटत असेल तर सैल सुती झबलं घाला. बाळ दीड महिन्याच्या डोसाला येतं तेव्हा नेमकी ही पुळी ऐन भरात असते. ती आहे म्हणून पेंटा पुढे ढकलायचं कारण नाही.

व्रण उठलाच नाही तर? परत बीसीजी देत नाहीत. व्रण न दिसणं म्हणजे लस वाया गेली असं नव्हे.

आता काखेतली गाठ. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी ते सहा महिन्यांपर्यंत डाव्या काखेत, कधी डाव्या गळपट्टीच्या हाडावर, गाठ लागू शकते. आजी तिला काखमांजरी समजून पोटीस बांधायला निघते. गाठ दीड सेंटीमीटरपेक्षा लहान, म्हणजे साधारण हरभऱ्याएवढी, टणक आणि न दुखणारी असेल तर नुसती लक्षात ठेवा, महिन्यातून एकदा मापा. ती आपोआप जिरते. दीड सेंटीमीटरच्या वर गेली, मऊ झाली, वरची कातडी लाल-चकचकीत झाली तर डॉक्टरांकडे. अशी गाठ चिरायची नसते. चिरली की तिथे महिनोन्‌महिने वाहणारं तोंड पडतं. डॉक्टर सुईनं आतला पू ओढून घेतात. गावातल्या कुणी ब्लेड हातात घेतलं तर बाळ उचलून बाहेर पडा.

काही गोष्टी मात्र बीसीजीच्या नेहमीच्या वाटेवरच्या नाहीत. टोचल्यावर तीन-चार दिवसांतच मोठी पुळी, जखम १ सेंटीमीटरपेक्षा मोठी, चार महिन्यांनंतरही न सुकलेली, आणि त्याबरोबर बाळाचं वजन न वाढणं, वारंवार आजारी पडणं. किंवा घरात आधीचं एखादं मूल तान्हेपणीच गेलेलं असणं. यातलं काहीही असेल तर बाळाची प्रतिकारशक्ती तपासावी लागते. आणि एक खूण थोड्यांनाच माहीत असते : जुना, सुकलेला बीसीजीचा व्रण अचानक लाल होऊन सुजला, सोबत पाच दिवसांचा ताप, लाल डोळे, फुटलेले लाल ओठ, तर तो लसीचा दोष नव्हे. तो कावासाकी नावाचा आजार असू शकतो. त्याचा हृदयाच्या नसांवर परिणाम होतो, म्हणून बालरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जायचं.

एमआरनंतर दहाव्या दिवशी पुरळ

एमआर जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस आहे. ते शरीरात थोडे वाढतात, म्हणून परिणाम उशिरा दिसतो : ५ ते १२ दिवसांनी थोडा ताप आणि शंभरातल्या दोनेक मुलांना चेहरा-छातीवर बारीक, लालसर, सपाट पुरळ. दोन-तीन दिवसांत जातं. हा गोवर नव्हे, दुसऱ्या मुलाला लागत नाही. अंगणवाडीतून घरी बसवायची गरज नाही. गोवर आला म्हणून आंघोळ बंद, दारावर लिंबाचा डहाळा आणि खोलीत अंधार, हेही नको. पाणी, अंगावरचं दूध, नेहमीचं जेवण, एवढं पुरे.

पण लस घेतल्याच्या रात्रीच जोराचा ताप, उलट्या, पातळ जुलाब आणि अंग लाल झालं, तर ते वर सांगितलेल्या नेहमीच्या पुरळाचं लक्षण नाही. कुपी दूषित झाल्याची शंका तिथे येते. रात्र असली तरी निघा.

अगदी क्वचित, साधारण ३० हजारांत एखाद्याला, दोन ते पाच आठवड्यांनी रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, कारण नसताना काळे-निळे डाग, हिरडीतून रक्त. काचेचा पेला ठिपक्यावर दाबून धरा. दाबल्यावर मावळतात ते साधे पुरळ. काचेखालूनही तसेच दिसतात ते रक्ताचे. मग थांबायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये अथणी, चिकोडीकडे निम्म्या तान्ह्या बाळांच्या मानेवर घामोळ्या असतात, आणि पावसाळ्यात विषाणूच्या तापांचं पुरळ. लस त्याच आठवड्यात झालेली असते, एवढाच तिचा संबंध. घामोळ्या घडीत येतात, गार वाऱ्यानं कमी होतात. पाणी भरलेले फोड आले तर कांजिण्या बघा. तोंडात, डोळ्यांत व्रण आणि कातडी सुटायला लागली तर कारण लस असो की एखादं औषध, तडक मोठा दवाखाना.

मोठ्या माणसांचं

ऊस तोडताना कोयता लागला, खिळा रुतला, की सुई. सहा महिन्यांनी पुन्हा लागलं, पुन्हा सुई. धनुर्वाताची लस अशी वारंवार घेतली की रक्तात तिचे प्रतिद्रव्य फार साचतात, आणि पुढच्या सुईला चार ते बारा तासांत खांद्यापासून कोपरापर्यंत हात सुजून, तापून, ठणकतो. दोन-चार दिवसांत तो उतरतो, पण ही खूण आहे की पुढची दहा वर्षं ही लस नको. पूर्ण डोस झालेल्या माणसाला स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या डोसाला दहा वर्षं, माती-शेणानं माखलेल्या जखमेसाठी पाच वर्षं झाली असतील तरच सुई लागते. तारीख चिठ्ठीवर लिहून घरात ठेवा.

कुत्रा चावल्यावरची लस सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीच्या थरात देतात, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. टोचलेल्या जागी खाज आणि लाल ठिपका येतो. त्याला घाबरून पुढचा डोस चुकवू नका. रेबीज झाल्यावर उपचार नाही.

निघायचं ठरलं की

१०८ ला फोन करा. सल्ला हवा असेल तर १०४ आहे. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात नेटवर्क आणि रस्ता दोन्हींचा भरवसा नसतो. डोसाच्या दिवशीच गावातल्या गाडीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. पहिलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून तालुका दवाखाना, गंभीर असेल तर बेळगावचं बिम्स, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना.

पलीकडून कन्नडच बोललं जाईल असं धरून चार वाक्यं तयार ठेवा. 'लसिके हाकिसिद मेले' म्हणजे लस दिल्यानंतर. 'ज्वर' म्हणजे ताप, 'बावु' किंवा 'ऊत' म्हणजे सूज, 'तुरिके' खाज, 'गंटु' गाठ, 'कीवु' पू. आणि तातडीचं वाक्य : 'मगुविगे उसिराडलु आगुत्तिल्ल', बाळाला श्वास घेता येत नाही. मग लसीचं नाव, वेळ, बाळाचं वजन, दिलेली औषधं सांगा. पेनाच्या रेघेचे फोटो दाखवा. नाणं शेजारी ठेवून काढलेला फोटो असेल तर आकार चटकन कळतो.

त्रास साधा असो की मोठा, सिस्टर किंवा आशाताईंना कळवा. लस महाराष्ट्रात घेतली आणि त्रास इकडे झाला तरी नोंद इथेच करता येते, दोन्ही कार्डं दाखवून. तुम्ही स्वतःही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर औषध-लसींचे दुष्परिणाम कळवू शकता.

पुढच्या डोसाचं उत्तर बहुतेक वेळा 'ठरल्या तारखेला द्या' हेच असतं. सूज, ताप, गाठ, एमआरचं पुरळ, बीसीजीची काखेतली गाठ, यांपैकी काहीही पुढची लस थांबवत नाही. ॲनाफिलॅक्सिस झाली असेल तर ती लस पुन्हा द्यायची नसते. कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लसीचं नाव, तारीख आणि काय झालं ते डॉक्टरांकडून मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कार्ड सीमेच्या अलीकडे उघडलं काय आणि पलीकडे काय, ते वाचलं जाईल.